डाव्या हाताचं दार

४ नोव्हेंबर

सकाळी सामानासकट येऊन पोचलो. एक बॅग कपड्यांची, तीन पेट्या हत्यारांच्या. टॅक्सीवाल्यानं पेटी उचलताना विचारलं की आत सोनं भरलंय का. मी म्हटलं, सोनं चोरता येतं, हे येत नाही. त्याला काही कळलं नाही. जाऊ दे.

जागा फर्स्टक्लास आहे. बंद पडलेल्या फाउंड्रीची जुनी ऑफिसची इमारत तेवढी शिल्लक ठेवली आहे. तिच्यात आता गावाचं संग्रहालय. खुद्द फाउंड्री पाडून सपाट केली, तिथं आता गाड्या उभ्या राहतात. खालच्या हॉलमध्ये नऊ मीटर लांबीच्या टेबलावर छोट्या रेल्वेचं मॉडेल मांडलंय. स्टेशन, दोन पूल, मालधक्का, कामगारांची वसाहत, सगळं मूळच्या सत्त्याऐंशीपट लहान. मधोमध मात्र साठ सेंटिमीटरांची मोकळी जागा. गावच ज्या फाउंड्रीमुळे वसलं, तीच नाही. म्हणजे वरात आहे आणि नवरदेव बेपत्ता.

ती मी बांधायची, अगदी शून्यातून. तयार भागांचं पाकीट आणून चिकटवणारे वेगळे. मी त्यांच्यातला नव्हे. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, नकाशे वाळवीनं खाल्ले म्हणून तीन इंजिनियरांनी नाही म्हटलं. हे ऐकून मला जो आनंद झाला तो इथंच लिहून ठेवतो, कारण बोलून दाखवणं बरं दिसत नाही.

वीस डिसेंबरला उद्घाटन. पितळी पाटीवर माझं नाव. ‘सहकार्य’ नाही, ‘सौजन्य’ नाही, फक्त नाव. छापखान्यात कटिंग मशीनवर अठ्ठावीस वर्षं काढली, छापखाना बंद झाला तेव्हा हातात एक नारळसुद्धा कुणी दिला नाही. पुठ्ठ्याचे उरलेले तुकडे घरी नेऊन जे शिकलो ते माझं मी शिकलो. बायकोचा भाऊ इंजिनियर आहे. दर भेटीला विचारतो, काय दाजी, किती खोकी झाली? त्याला पहिल्या रांगेत बसवणार आहे.

७ नोव्हेंबर

आधार एकच, पण भक्कम. काचेवरची जुनी निगेटिव्ह, ताटाएवढी. आतल्या अंगणातून घेतलेला फाउंड्रीचा पूर्ण फोटो, शिवाय गेटपाशी उभा एक कारकून. बाई म्हणाल्या, शहरातल्या स्टुडिओतून प्रिंट काढून आणू. मी म्हटलं, कशाला? काचेची एक बाजू चकचकीत, एक मंद. दोन्ही पुसल्या, जी जास्त स्वच्छ वाटली ती स्कॅनरवर खाली ठेवली, आणि अर्ध्या तासात असा काही फोटो काढला की खिडकीच्या गजांवरचा गंज मोजावा.

मोजलं सगळं. चौदा खिडक्या. करवतीच्या दातांसारखं छप्पर. भट्टीची चिमणी डाव्या टोकाला, कामगारांचं दार उजव्या टोकाला. एका लांब भिंतीत वीस हजारांवर विटा. लोक छापील विटांचा कागद चिकटवतात. मी प्रत्येक थराची रेघ सुईनं ओढतो आणि उभे सांधे छत्रीच्या काडीपासून केलेल्या ठशानं एकेक ठोकतो. कुणी बघणार नाही, हे मला माहीत आहे. मी बघतो ना.

१२ नोव्हेंबर

दुपारी पाच म्हातारे आले. फाउंड्रीत एकाच पाळीत होते, अजून रोज गेटजवळच्या बाकावर पाळी भरतात. नावं कुणी वापरतच नाही. फोरमन, पैलवान, दाढीवाला, बुटका आणि मुका. मुक्याला जन्मापासून वाचा नाही. बुटका चौघांच्या वाटचं बोलतो, त्यामुळे हिशेब जुळतो.

फोरमननं भिंतीवरून न टेकवता बोट फिरवलं. म्हणाला, मिस्त्री, हात चांगलाय तुमचा. मी सांगितलं की मी मिस्त्री नाही. तो म्हणाला, आमच्यात याच्यावरचा शब्द नाही. लोक पाणउतारा किती गोड करतात.

१६ नोव्हेंबर

डोकं तापलंय. आज दोन्ही टोकांच्या भिंती उभ्या करून पाहत होतो. फोरमन आला, म्हणाला, मिस्त्री, उलटं झालंय. दार डाव्या हाताला होतं. भट्टी उजव्या.

मी फोटो पुढं केला. त्यानं चष्मा लावून बघितला, काढून बघितला. म्हणाला, फोटोत काय का असेना, दार डावीकडेच. आणि सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगत बसला. साच्यांना आतून काळा लेप लावतात, त्याचं पिंप पेटलं. दिवसाढवळ्या आत मिट्ट काळोख झाला, स्वतःचा हात दिसेना. हे पाचजण आत. यानं पहिल्या दिवसापासून पोरांना एकच पाठ दिला होता: धूर दिसला की डावा हात भिंतीला लावायचा आणि सोडायचा नाही, भिंत सरली की दार. पाचहीजण तसेच, एकामागे एक, भिंत चाचपत बाहेर आले. पैलवान म्हणाला, हाताची सालं निघाली, पण जीव वाचला. बुटका म्हणाला, मला वाटलं पैलवानच भिंत आहे, मी त्यालाच धरून आलो. सगळे हसले. मुकासुद्धा.

मी म्हटलं, काका, सव्वीस वर्षं झाली, आठवणीत डावं-उजवं होतं. फोटो खोटं बोलत नाही.

फोरमन म्हणाला, फोटो धुरात नव्हता.

जाताना म्हणाला की बाकी काहीही चुकवा, पण ते दार तेवढं आमचं आहे. मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे नाही, हे दोघांनाही कळलं. मी कुणाहून डावा नाही, हे सिद्ध करायला आलोय. डावं-उजवं शिकायला नाही.

२३ नोव्हेंबर

चारही भिंती उभ्या. बायकोचा फोन आला होता. अहो, जेवता का वेळेवर, की पुठ्ठाच खाता? मी फोरमनचं सांगितलं. ती म्हणाली, तिथं तीस वर्षं राबलेला माणूस सांगतोय तर ऐकावं की एखाद्याचं. तिला म्हटलं, तू भावाचीच बहीण शोभतेस. फोन ठेवला तिनं.

२८ नोव्हेंबर

छप्पर झालं. आतलं दिसावं म्हणून उचलून काढता येईल असं केलंय. बाईंना आत माणसं हवीत. मला माणसं करायला आवडत नाही. माणसात मोजण्यासारखं काही नसतं. पण विकत आणली, वीस मिलिमीटरांची पाच, आणि रंगवताना त्या पाचजणांसारखी केली. पैलवानाला मान नाही, दाढीवाल्याला दाढी, बुटक्याला पायातून दीड मिलिमीटर कापला. साच्यांपाशी सुपरग्लूनं पक्की बसवली. माझं चिकटवलेलं निघत नाही, तशी ख्यातीच आहे.

म्हातारे खूश. बुटक्यानं तक्रार केली की मी एवढा नाहीये, एक मिलिमीटर तरी परत द्या. फोरमन एकटा बघत होता, मधल्या बाहुल्यापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीवरून भट्टीपर्यंत. 

२९ नोव्हेंबर

सकाळी छप्पर उचललं तर पैलवान जागेवर नाही. डाव्या भिंतीला, भट्टीच्या कोपऱ्यात, तोंड विटांत खुपसून पडलेला. जागेवर त्याची पावलं तेवढी उरली आहेत, गोंदात रुतलेली. घोट्यातून तुटलाय.

कुणीतरी हात घातला असणार. बाईंना सांगून हॉलला कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडे.

दुपारी बाकावर चौघेच. पैलवान सकाळी गेला. न्हाणीघरात, भिंतीला लागून सापडला. डॉक्टर म्हणाले, हृदय. बुटका पहिल्यांदाच हळू बोलत होता. म्हणाला, डाव्या तळव्याची सालं निघाली होती, आणि नाकात काजळी. न्हाणीघरात कुठली आली काजळी?

१ डिसेंबर

दाढीवाला.

आधी इथं, मग तिथं. छप्पर उचललं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. साडेनवाला बातमी आली. बाहुला त्याच कोपऱ्यात, पैलवानाच्या अंगावर. पावलं गोंदात.

योगायोग. दोघेही सत्तरीचे होते.

४ डिसेंबर

आज लिहितो ते कुणाला दाखवायचं नाही.

गेटवरच्या कारकुनाकडे भिंगातून बघत होतो. महिनाभर हा फोटो माझ्यासमोर आहे, मी त्यातल्या विटा मोजल्या, कौलं मोजली, या माणसाकडे एकदाही बघितलं नाही. त्याच्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर आहे. बटणं बाईच्या झग्यासारखी उलट्या बाजूनं लावलेली. मनगटावरचं घड्याळ उजव्या हातात.

काच मी उलटी ठेवली होती.

सगळं उलटं आहे. चिमणी, भट्टी, चौदा खिडक्या, दार. वीस हजार विटा मी एकेक करून उलट्या लावल्या. शाळकरी पोरानं करू नये अशी चूक. स्टुडिओतल्या कुठल्याही पोऱ्यानं काच हातात घेताच सांगितलं असतं.

आणि ते तिघे रोज येऊन बाकावर बसतात. आत धूर झाला आणि भिंतीला डावा हात लावला, तर माझ्या फाउंड्रीत भिंत सरते ती भट्टीपाशी.

हे असं काही नसतं. पुठ्ठा आहे तो.

५ डिसेंबर

पाटी आली. बाईंनी कौतुकानं दाखवली. माझं नाव, पितळेत खोल कोरलेलं. म्हणाल्या, तुमच्या मेव्हण्यांचा फोन होता, सहकुटुंब येणार म्हणाले, सोबत ऑफिसातले दोघेही.

सांगायचं म्हणून तोंड उघडलं होतं. चहा छान झालाय म्हणालो.

नवीन बांधायला महिना लागेल. पंधरा दिवस आहेत. डाव्या भिंतीत दार पाडावं तर मागे भट्टी, आणि बघणारा विचारणारच की फोटोत नाही ते दार इथं कसं. मग फोटो उलटा, मग मी उलटा, मग दाजींची खोकी.

दुसरा उपाय सापडला. दार पाडायचं नाही, लावायचं. भिंतीवर बाहेरून आणि आतूनही. पुठ्ठ्याचे दोन थर, चौकट, तारेच्या बिजागऱ्या, कडी, खालच्या फळीला पाणी लागून उडालेला रंग. फोरमनचं समाधान. कुणी विचारलं तर म्हणायचं, जुन्या कामगारांच्या आठवणीला मान दिला. उदार दिसतं.

संध्याकाळपर्यंत झालं. चोवीस मिलिमीटर उंच. आजवर केलेल्या कामांत इतकं देखणं दुसरं नाही. सुपरग्लूचे तीन हात दिले.

६ डिसेंबर

फोरमनला बोलावून दाखवलं. म्हटलं, घ्या, तुमचं दार. त्याचे डोळे भरले. वाकला, खूप वेळ बघत राहिला. मग विचारलं, उघडतं का?

मी हसलो. म्हटलं, काका, चोवीस मिलिमीटरांचं दार उघडणार कोण?

तो म्हणाला, न उघडणारं दार म्हणजे भिंतच की, मिस्त्री. वर आणखी फसवणूक. भिंत निदान आशा तरी लावत नाही.

मग अगदी सहज विचारलं, जसं कुणी वेळ विचारावी, की तुमच्या लक्षात आलंय ना? मी म्हटलं, कशाचं? तो म्हणाला, काही नाही. चुकलं म्हटल्यानं माणूस मरत नाही, एवढंच.

मी पात्याला धार लावत बसलो. तो गेला.

८ डिसेंबर

बुटका.

भट्टीच्या कोपऱ्यात नाही. या वेळी दाराशी. मी लावलेल्या दाराशी, आतून. हात वर. त्याचे हात मी खाली चिकटवले होते.

घरी कपाटाच्या दाराशी सापडला. नखं तुटलेली. त्याची बायको म्हणत होती, कपाट उघडंच होतं हो, त्याला का उघडेना—

९ डिसेंबर

मुका गेला. शेजारणीनं सांगितलं, जाण्याआधी ओरडला. साठ वर्षांत पहिला शब्द. तिनं स्पष्ट ऐकला. ‘दार.’

आत माझ्या दारावर ओरखडे आहेत. केसाएवढे. भिंगातून मोजले. का मोजले? सव्वीस आहेत.

१० डिसेंबर

फोरमनचा बाहुला अजून जागेवर आहे. सकाळी चिमट्यानं उपटला, पावलांसकट, खाली लाकडाचा तुकडा आला तरी उपटला. काडेपेटीत घातला, काडेपेटी माझ्या खिशात. दिवसभर हात खिशात.

दुपारी छप्पर काढलं. बाहुला आत. जागेवर. काडेपेटीत विटेची लाल भुकटी.

बायकोला फोन केला. सगळं सांगितलं, काचेपासून.  ती म्हणाली, अहो, मला कशाला सांगताय? त्यांना सांगा.

बरोबर आहे. तिला सांगणं सोपं होतं.

बाकावर फोरमन एकटा. शेजारी चार माणसांची जागा मोकळी सोडून. दारापर्यंत गेलो. पाटी भिंतीवर लावायला माणूस आला होता, विचारत होता उजवीकडे लावू की डावीकडे. त्याच्याशी बोलत राहिलो. बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा.

उद्या.

११ डिसेंबर

फोरमनला निरोप धाडलाय, चार वाजता या. वाक्य पाठ केलंय. काच उलटी ठेवली, तुमचं बरोबर होतं, माझी चूक झाली. नंतर त्याच्यादेखत भिंत कापणार. खरं दार. उघडणारं. उद्घाटन गेलं खड्ड्यात.

सव्वाचार. नाही आला. त्याच्या सुनेला फोन केला. म्हणाली, बाबा साडेतीनलाच निघाले, मिस्त्रींनी बोलावलंय म्हणून खुशीत होते. दहा मिनिटांचा रस्ता.

साडेचार. वास येतोय. डांबरासारखा. छप्पर उचललं जात नाही. मीच सुटं केलेलं छप्पर—

खोकला. बारीक. टेबलावरून. मी वाकून—

भिंतीवरून काहीतरी घासत येतंय. आतून. भट्टीकडून नाही, नीट, सावकाश, त्याच्या पाठाप्रमाणे. माझ्या दाराशी येऊन थांबलं.

कापतोय. दोन थर, तीन हात गोंद. माझं चिकटवलेलं निघत नाही. एक पातं मोडलं. दुसरं. मधेच लिहितोय कारण हात थांबले की ऐकू येतं—

रंग खरवडला. खाली पुठ्ठा नाही. लाल. भुकटी पडतेय. वीट आहे. वीट—

ओरडून सांगितलं. चुकलं. माझं चुकलं, काका, काच उलटी— सगळं सांगितलं. तो म्हणतोय, ते मग, मिस्त्री, ते सावकाश बोलू. आधी दार उघडा.

तिसरं पातं. बोट कापलं. तो दार ठोठावतोय. रागावला नाहीये. समजावून सांगतोय, कडी वर उचला, मग बाहेर ओढा, जुनी कडी आहे, जड असते— मी कसं सांगू की ती कडी तार आहे, त्या बिजागऱ्या तार आहेत, मी ते उघडण्यासाठी केलंच